करवंटीच्या चिरेतला म्हातारा

टक्, टक्, टक्. माडाच्या शेंड्यावर पोयीला, म्हणजे मिटलेल्या फुलोऱ्याला, सुरी लागायची आणि त्या तालावर माडी काढणारा तोकाताके गायचा. फार जुनी गोष्ट, म्हणजे गेल्या आठवड्यातली. मी यीस्टचा एक कण बोलतोय. आमच्यात आठवडा म्हणजे पुष्कळ.

त्याच पोयीवर माझा जन्म. माडीच्या थेंबाबरोबर करवंटीत उतरलो. गोड माडी पोरांना, आंबलेली पावाला, असा आमच्या किरिबातीच्या बेटावरचा रिवाज. पाव फुगवतो मी, नाव होतं माडीचं. असो.

तोकाताके धुण्याघासण्यात पक्का. सकाळ-संध्याकाळ करवंटी वाळूनं घासायचा. त्याची माडी कधी नासत नाही, हा त्याचा अभिमान. लेक आकिनेतीनं बजावलं होतं, "बाबा, परवा तुमच्या नातीचा पहिला वाढदिवस. पावाला आंबट माडी लागेल. करवंटी धुऊ नका."

त्यानं मान हलवली आणि हाताच्या सवयीनं घासली. वर कढत पाणीही ओतलं. माझे भाऊबंद गेले. एका चिरेत आम्ही मोजके उरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकिनेतीनं पीठ परातीत काढलं. तेवढंच उरलं होतं. पीठ आणणारं जहाज अजून आलं नव्हतं. माडी ओतली, करवंटी विसळून तेही पाणी घातलं, आम्ही त्यातच आलो. मळून झाल्यावर तिनं बोट चाटलं.

"बाबा, ही तर गोड आहे."

तोकाताके सुरीकडे बघत राहिला. "चुकलंच."

तिची सासू म्वाइया चटईवरून म्हणाली, "व्याही, करवंटी घासलीत की न्हाऊ घातलंत? थाप गं पोरी पोळ्या. गावाला सांगू, आजोबा फार स्वच्छ."

"दुपारपर्यंत थांबू," आकिनेती म्हणाली. तिनं परातीवर फडकं झाकलं.

इकडे पिठात माझी वेगळीच पंचाईत. एवढं पीठ फुगवायला फौज हवी, आणि फौज म्हणजे माझ्या अंगाला लेकीचा कोंब फुटायला हवा. तो मनात आलं म्हणून फुटत नाही. माझ्या पोटात एक राखणदार असतो. "अजून नाही," एवढंच त्याला बोलता येतं. मी साखर खातो, वाढतो. तो मात्र होता तेवढाच राहतो. खारट कालवणात पाणी घालत जावं, तसा तो विरळ होत जातो. शेवटी त्याचं ऐकूच येत नाही, आणि दार उघडतं. एकदा उंबरा ओलांडला की मागं फिरणं नाही.

लेक जन्मते ती चिमुकली. तिला वाढायला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. घाई करून उपयोग नाही.

दुपारी पीठ जसंच्या तसं. म्वाइयानं तवा चढवला. "बघितलंस ना? मेलंय ते."

तोकाताके उठला. त्यानं परात उचलली, बाहेर उन्हानं तापलेल्या वाळूत नेऊन ठेवली आणि शेजारी बसला. "थांबा जरा, विहीणबाई."

"तुम्ही अंडी उबवताय होय?"

ती ऊब मला मानवली. एकाचे दोन, दोनाचे चार. माझ्या अंगावर लेकी सुटून गेल्याचे वण वाढत गेले, मी मोजायचं सोडलं. ऊन उतरलं तेव्हा पिठानं परातीवरचं फडकं वर उचललं होतं. म्वाइयानं बोट खुपसून पाहिलं.

"सुटलात, व्याही," ती म्हणाली आणि तवा उतरवला.

वाढदिवसाला नातीनं पावाचा मऊ गाभा दोन्ही मुठींत धरला, असं ऐकतो. मी तिथं नव्हतो. आकिनेतीनं भाजण्याआधी चिमूटभर पीठ करवंटीत मागं ठेवलं होतं, त्यात मी होतो. आता म्हातारा झालोय. एवढंच सांगणं आहे: निपचित दिसलो तर मेला म्हणू नका. अजून वाढत असेन.

आज सकाळी तोकाताके आला, एका हातात वाळू, दुसऱ्या हातात पाण्याचं भांडं. करवंटीत वाकून पाहिलं. एक बुडबुडा वर आला नि फुटला. त्यानं वाळू खाली टाकली, पाणी पपईच्या बुंध्याशी ओतलं, करवंटीवर एक पान झाकलं, आणि निघून गेला.