डावीकडे वळणारी गाडी

पहिल्या फेरीत गाडी वीतभर सरळ गेली आणि डावीकडे वळली. वळली ती वळतच राहिली, घाण्याच्या बैलासारखी. पंचांनी शिट्टी वाजवली. कोणी तरी हसलं.

चेतनाने गाडी उचलली. पांढऱ्या फ्लेक्सवरच्या काळ्या पट्टीवरून गाडीने आपली आपण शेवटापर्यंत जायचं, एवढीच अट होती. म्हसावदच्या शाळेत सरावाला गाडी रोज तशी जात होती. आता एकच फेरी उरली होती. तीही हुकली तर नाशिकची विभागीय स्पर्धा विसरायची.

चूक आपलीच, याची तिला खात्री होती. सकाळी घरून निघण्याआधी तिने प्रोग्रॅममधला वळण्याचा वेग थोडा वाढवला होता. जोडीदार भाग्येशला विचारलं नव्हतं.

पुरुषोत्तमनगरच्या स्पर्धेच्या सभागृहात शिक्षकांना दोरीच्या आत यायला मनाई होती. कुंदन सर बाहेरून नुसते हातवारे करत होते. त्यांच्या शेजारी पपईची तोड सोडून आलेली आई, निर्मलाबाई, पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

चेतनाने लॅपटॉप उघडला आणि वेग पूर्वीइतका केला. भाग्येशने पाहिलं.

"हाई कव्हय बदलं?"

"सकायले."

त्याने सरावाच्या पट्टीकडे बोट दाखवलं. तिने गाडी तिथे ठेवली. गाडी पुन्हा डावीकडे वळली.

म्हणजे वेगाचा दोष नव्हता. पण मग कशाचा? माईकवर पुढच्या शाळेचं नाव पुकारलं गेलं. त्यानंतर त्यांचीच पाळी होती. भाग्येशने एकेक वायर दाबून पाहिली. चेतनाने गाडी पांढऱ्या कागदावर धरली. पट्टी ओळखायला गाडीच्या पोटाशी दोन सेन्सर होते; पांढरं दिसलं की सेन्सरचा बारीक दिवा लागायचा. उजवा लागला, डावा लागला नाही. गाडीला डावीकडे सगळीकडे काळंच दिसत होतं.

तिने गाडी उलटी केली. डाव्या सेन्सरच्या काचेवर काळा, तेलकट ठिपका होता.

तिने दोरीकडे पाहिलं. सकाळी आईला नव्या ट्रॅक्टरसारखं गाडीलाही हळदीकुंकू लावायचं होतं, आणि पंचांना दिसेल म्हणून चेतनाने तिचा हात धरून थांबवलं होतं. उलटी गाडी पाहून काय झालं ते आईच्याही आत्ता ध्यानात आलं असावं. ती दोरीपाशी आली.

"दिसाले नको, असं तूच म्हनी व्हती ना. म्हनीसन खालतून तीट लावं."

चेतनाला ओरडावंसं वाटलं. शब्दही तोंडाशी आले होते. तेवढ्यात भाग्येश म्हणाला, "मावशी, मन्ही मायनी बॅगमा लिंबू टाकेल शे. तुम्ही तं डोळामाच काजळ भरं." आणि त्याने खिशातला रुमाल पुढे केला.

चेतनाने घाईत आधी ओढणीनेच पुसलं, तर काजळ पसरलं. रुमालाला सॅनिटायझर लावून घासलं, तरी दिवा लागेना. माईकवर म्हसावदचं नाव आलं. पंच घड्याळाकडे पाहत होते. चेतनाने रुमालाची कोरी बाजू बोटावर ताणली आणि पुन्हा घासलं. दिवा मिणमिणला, विझला, मग लागून राहिला.

"ती तीट पुसी टाकी का?" आईने विचारलं.

"हो माय."

"मंग मी नही देखस. मायनीच नजर पहिले लागस."

निर्मलाबाईने खरंच पाठ फिरवली. एवढ्या लांबून जे बघायला आली होती, त्याकडे पाठ करून ती खिडकीबाहेरच्या उसाच्या ट्रॅक्टरांकडे बघत राहिली.

गाडी निघाली. पहिलं वळण घेतलं. दुसऱ्या वळणावर डगमगली. पण चेतनाचे डोळे गाडीवर नव्हते. ते आईच्या पाठीवर होते, आणि ती पाठ ताठ होती.

गाडी पट्टीच्या शेवटाला पोचली, तशा टाळ्या वाजल्या. पंचांनी हिरवं निशाण वर केलं.

तरी आई वळली नाही. शेवटी कुंदन सरांनीच तिला सांगितलं, की बाई, आता बघितलं तरी चालेल.