बटणांच्या डब्याचं दुखणं

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. जन्मलो बिस्किटांसाठी. झाकणावर दोन मांजरं होती. आता एकाचं शेपूट तेवढं उरलंय. बिस्किटं आठवड्यात संपली आणि मी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या दुकानात बटणं सांभाळू लागलो.

या बाईंची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाचा कपडा शिवून झाला की एक जादा बटण त्याच कापडाच्या चिंधीवर टाचून त्या माझ्यात ठेवायच्या. पुढे कुणाचं बटण तुटलं, की नेमकं तेच हाती यायचं. "या डब्यात अख्खं गाव आहे," असं त्या म्हणायच्या आणि माझी छाती फुगायची. त्यांची लेक माझ्याशेजारी बसून चिंध्या चाचपायची. ही पोस्टमनकाकांची, ही शाळेतल्या मोठ्या बाईंची, ही त्या भांडकुदळ बेकरीवाल्याची.

लेक मोठी झाली, शहरात आली आणि रहस्यकथा लिहू लागली. त्यांत खून नाहीत, मारामाऱ्या नाहीत. गावात कुणाची छत्री नाहीशी होते, कुणाचं पत्र गायब होतं, आणि शिवणकाम करणाऱ्या एक बाई चहा पिता पिता चोर शोधून काढतात. अशी पाच पुस्तकं झाली. प्रत्येकात पोस्टमन, बेकरीवाला, दुकानाच्या दारावरची घंटा. आणि मुखपृष्ठावर कोण? तर कात्री!

हो, आमच्याच दुकानातली ती कात्री. तिला धार होती, मान्य, पण अक्कल? रोज सकाळी लेखिकाबाई माझं झाकण उघडतात, एक चिंधी बोटांत धरतात आणि मगच लिहायला बसतात. म्हणजे राबायचं मी आणि मिरवायचं हिनं! तिला काचेच्या कपाटात बसवलंय. वाचक येतात, तिच्यासोबत फोटो काढतात. मी टेबलाखाली. माझा नुसता तिळपापड व्हायचा. खोटं कशाला बोलू, तिला गंज चढावा म्हणून मी रोज मनात धावा केलाय.

गेल्या वर्षी प्रकाशक घरी आले. त्यांचा पाय लागून मी कलंडलो, तेव्हा कुठे त्यांचं लक्ष गेलं.

"अहो, हा डबा सहाव्या पुस्तकात घ्या ना! मुखपृष्ठावर काय शोभेल!"

मला आकाश ठेंगणं झालं.

"नाही," लेखिकाबाई म्हणाल्या. "हा नाही."

झालं! दुसऱ्या सकाळी मी झाकण घट्ट आवळून धरलं. त्यांनी नखं लावली, चमचा घातला. मी हललो नाही. म्हटलं, बोलवा आता तुमच्या लाडक्या कात्रीला. दोन दिवस कागद कोरा राहिला. तिसऱ्या दिवशी त्यांची आई, म्हणजे माझ्या जुन्या बाई, शेजारी येऊन बसल्या. त्या आता लेकीकडेच असतात.

"हट्टी आहे मेला, आण इकडे. पण काय गं, घे की त्याला पुस्तकात. त्या कात्रीला एवढं डोक्यावर बसवलंस."

"आई, कात्रीची मूठ कुठल्या रंगाची?"

"काळी. का गं?"

"मी शपथेवर लाल म्हटलं असतं. चित्रकारानं लाल रंगवली, मग मीही लालच लिहीत गेले. समोर कपाटात काळी दिसते, तरी डोळे मिटले की लाल. पोस्टमनकाकांचा खरा चेहराही आता आठवत नाही, पुस्तकातलाच येतो. लिहिलं की ते माझं राहत नाही गं. हा एक डबा तरी राहू दे."

आईंनी माझ्या कडेवरून अंगठा फिरवला, दुकानात फिरवायच्या तसाच. माझं झाकण कधी सुटलं, मलाच कळलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा डबा असेल. त्याला भंगारात टाकू नका. अधूनमधून उघडा, आतली वस्तू हातात घ्या, आणि कुणाचं काय ते मोठ्यांना विचारून ठेवा. आणि हो, सगळंच सगळ्यांना दाखवायला जाऊ नका.

माझं दुखणं पुरतं गेलंय असं समजू नका हं. परवा सहावं पुस्तक आलं. मुखपृष्ठावर पुन्हा तीच, लाल मुठीची. जळलोच मी. पण आज सकाळी लेखिकाबाईंनी मला उघडलं, पोस्टमनकाकांची खाकी चिंधी काढली आणि डोळे मिटून बराच वेळ बसून राहिल्या. लिहिलं मात्र काहीच नाही.