हे बरं की ते

तुमच्या नाकावर एक जड, काळी, गोल फ्रेम चढवली आहे असं समजा. हा चष्मा नव्हे. हिला काचा नसतात, नुसत्या खाचा असतात, आणि ती नाकावर अशी बसते की माणूस आपोआप ताठ होतो. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे. कुणीतरी खाचेत एक काच सरकवतं, काढतं, दुसरी सरकवतं आणि विचारतं, "हे बरं की ते?"

जमलं? आता ती फ्रेम अलगद उतरवा आणि नळवाल्याच्या नाकावर ठेवा, कारण त्या मंगळवारी संध्याकाळी चष्म्याच्या दुकानातल्या खुर्चीत तो बसला होता.

"हे बरं," आजोबांनी काच बदलली, "की ते?"

"सारखंच वाटतंय, काका."

"नीट बघा."

"बघतोय की. खुर्ची डुगडुगते तुमची. अक्षरं नाचतात."

"वीस वर्षं डुगडुगते आहे ती. आजवर कुणाची अक्षरं नाचली नाहीत." आजोबांनी पहिली काच पुन्हा घातली. "हे? की ते?"

"दोन्ही सारखंच."

"तेच तर!" आजोबांनी काच ट्रेमध्ये टाकली. ठेवली नाही, टाकली. "तुम्हा लोकांना सगळं सारखंच दिसतं. म्हणून तर निकाल असा लागला."

नळवाला फ्रेमसकट हसला. "माझ्या नंबरात निवडणूक कुठून घुसली?"

"तुम्ही कुणाला दिलंत?"

"बसवाल्यांना. लपवायचं काय त्यात? भाडं अर्धं करणार म्हणाले. माझी पोरगी दोन बस बदलून कॉलेजला जाते. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, नाही म्हणत नाही मी. पण काका, डोळे तपासून पोट भरतं का?"

"माझं भरतं," आजोबा म्हणाले.

आजोबांनी दुसरी काच उजेडात धरली, तिच्या कडेवरचा आकडा वाचला आणि म्हणाले, "ही दुसरीच बरी आहे तुम्हाला." आणि कागदावर नंबर लिहूनही टाकला.

कोपऱ्यात मऊ फडक्याने काचा पुसत बसलेल्या मुलीचा हात थांबला. ही आजोबांची नात. नऊ वर्षांची. नाकाच्या शेंड्यावर तीळ आहे म्हणून सगळे तिला ठिपकी म्हणत. काचा पुसायला बसवताना आजोबांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आपण फक्त विचारायचं, हे बरं की ते, आणि मग गप्प बसायचं. समोरचा दहा मिनिटं घेऊ दे. उत्तर त्याचं. त्याच्या डोळ्यामागे जाऊन आपल्याला बघता येत नाही." आज पहिल्यांदाच आजोबांनी विचारलंही स्वतः आणि उत्तरही स्वतःच दिलं होतं.

आजोबांचं काय दुखत होतं ते ठिपकीला ठाऊक होतं. बावीस वर्षं दर गुरुवारी दुकान बंद ठेवून ते काचांची चामडी पेटी खांद्याला अडकवत आणि कुठल्या ना कुठल्या शाळेत जात. मागच्या बाकावरची, 'ढ' म्हणून सोडून दिलेली मुलं ते एकेक करून पुढे बोलवत. त्यांतल्या कित्येकांना फळा दिसतच नसे, एवढंच. एका म्हाताऱ्याच्या पेटीने किती शाळा होणार? म्हणून देशाच्या निवडणुकीत डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या आणि प्रत्येक शाळेत वर्षातून दोनदा डोळे तपासू म्हणाल्या, तेव्हा आजोबांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाची पत्रकं वाटली. दारोदार फिरले. लोकांनी पाणी विचारलं, खुर्ची दिली, माना डोलावल्या. आपल्या केंद्रावर बाईंना मतं पडली त्रेसष्ट.

नळवाला गेल्यावर आजोबांनी पॅडवरचा एक निळा कागद फाडला, त्यावर दोन ओळी लिहिल्या आणि घडी घालून तो ठिपकीकडे दिला.

"उद्या शाळेत मोठ्या बाईंना दे. या गुरुवारी मी येणार नाही."

"पण आमचाच वर्ग आहे या गुरुवारी."

"असू दे."

"माझ्या बाकावरची मैत्रीण डोळे बारीक करून बघते. माझ्या वहीतून उतरवते सगळं. मी तिला सांगितलंय, गुरुवारी आजोबा येतील."

"तिच्या आईबापाने बसला मत दिलं असेल ना? मग बसमध्ये बसून जाऊ देत तिला शहरात. अर्ध्या भाड्यात."

हे बोलून झाल्यावर त्यांनी तोंड फिरवलं आणि आधीच पुसलेल्या काचा पुन्हा पुसायला घेतल्या. ठिपकीने चिठ्ठी दप्तरात ठेवली, पाटीखाली नाही, पुस्तकांत नाही, पार तळाशी.

तिच्याकडे आणखी एक गोष्ट होती आणि ती चिठ्ठीपेक्षा जड होती. मतदानाच्या दिवशी ती आजीबरोबर गेली होती. परत येताना आजी वाटेत थांबली, चष्मा नीट केला (त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच) आणि म्हणाली, "मी बसला दिलं गं. आजोबांना मीच सांगीन, वेळ बघून. तू नको."

तेव्हापासून ठिपकी त्या वेळेची वाट बघत होती.

ती वेळ त्या मंगळवारी रात्री जेवताना आली. आजोबांचं सुरूच होतं. दूधवाला काय म्हणाला, शेजारी कसा हसला, शिंपी कसा निर्लज्जपणे खरं बोलला.

"डोळे मिटून शिक्के मारतात. खड्ड्यात जातील सगळे, पण बसमधून! आणि अर्ध्या भाड्यात!"

ठिपकी हसली आणि लगेच गप्प झाली. आजी हसली नव्हती.

"मग त्या बसमध्ये मीही आहे," आजी म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे मी बसला मत दिलं."

आजोबांचा घास हातातच राहिला. त्यांनी आजीकडे बघितलं, मग ठिपकीकडे. ठिपकी ताटात बघत होती.

"हिला ठाऊक होतं?"

"तिला मध्ये आणू नका. मीच सांगणार होते. तुमचं तोंड थांबायची वाट बघत होते, ते काही थांबेना."

"बावीस वर्षं," आजोबा हळू म्हणाले, "बावीस वर्षं मी ती पेटी वाहतो. तू बघतेस."

"बघते की. पेटीचा पट्टा दरवर्षी कोण शिवतं?"

आजीने डाव खाली ठेवला.

"आपली लेक महिन्यातून एकदा येते. शहरात दवाखान्यात रात्रपाळ्या करते, एका दिवसासाठी येते, हिची वेणी घालते आणि जाते. भाडं अर्धं झालं तर दर रविवारी येईन म्हणाली. अहो, ही पोर उशीची कुठली बाजू वर करून झोपते, ते कधी बघितलंय तुम्ही?"

"कुठली?"

"आई ज्या बाजूवर झोपली होती, ती. महिना महिना खोळ धुऊ देत नाही."

ठिपकीचे कान तापले. हे आजीला ठाऊक आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

"शाळेतल्या पोरांचे डोळे मला नकोत असं नाही," आजी म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा होता, वाढताना असतो तसा. "पण त्या कागदावर शिक्का एकच मारायचा होता."

आजोबांनी ताटातलं संपवलं. टाकलं काहीच नाही. हात धुतले आणि मधलं दार ढकलून दुकानात गेले.

ठिपकीने जरा वेळाने दाराच्या फटीतून बघितलं. आजोबा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले होते. नाकावर ती जड फ्रेम होती, खाचा रिकाम्या. ते तक्त्याकडे बघत होते, की तक्त्याच्याही पलीकडे, ते पाठीमागून कळत नव्हतं. अंग हललं की खुर्ची टक् करायची. मग त्यांनी फ्रेम उतरवली, नळवाल्याच्या नंबराचा कागद शोधला, तो फाडला आणि पाटीवर खडूने लिहिलं: नळवाले. पुन्हा तपासणे.

सकाळी ठिपकी दप्तर पाठीला लावून निघाली, तेव्हा दुकानातून हाक आली. तिला नव्हे.

"अगं, जरा इकडे ये. बस इथे."

आजी हात पुसत आली. "कशाला? दिसतंय मला."

"किती दिसतं ते मला कुठे ठाऊक आहे?"

आजीने त्यांच्याकडे नीट बघितलं. "बसते. पण सांगून ठेवते, मत बदलणार नाही."

"कुणी सांगितलंय बदलायला?"

आजोबांनी तिच्या नाकावरून दोरा बांधलेला चष्मा काढला. काढताना त्यांची बोटं दोऱ्याच्या गाठीवर थांबली. गाठ जुनी होती, काळी पडली होती. त्यांनी तो चष्मा ट्रेमध्ये ठेवला. टाकला नाही, ठेवला. मग ती जड फ्रेम चढवली, कानामागचे तिचे केस बाजूला केले.

"हे बरं," ते म्हणाले, "की ते?"

आजी बराच वेळ बघत राहिली. आजोबा गप्प. ठिपकी दारातच थांबली. शाळेची घंटा व्हायला अजून थोडा अवकाश होता.

"ते," आजी म्हणाली.

आजोबांचा हात क्षणभर पहिल्या काचेकडेच राहिला. त्यांच्या हिशेबाने पहिली बरी असायला हवी होती.

"नक्की?"

"डोळा माझा ना?"

"तुझाच," आजोबा म्हणाले आणि दुसरी काच घातली. "आता खालची ओळ."

आजीने खालची ओळ वाचली. मग न विचारता तिच्याखालचीही वाचली, आणि वाचता वाचता तिचा आवाज बदलला, दूरचं कुणीतरी अचानक ओळखू यावं तसा. आजोबांनी काचेवरचा आकडा बघितला. एकदा. पुन्हा एकदा.

"किती दिवस दिसत नव्हतं तुला?"

"झाली असतील दोनतीन वर्षं."

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठे? गुरुवारी शाळेत जायचात, बाकीचे दिवस गिऱ्हाइकं." मग जरा थांबून ती म्हणाली, "आणि उद्या गुरुवार आहे. पट्टा परत उसवलाय. शिवायचा की राहू द्यायचा?"

आजोबांनी दुसऱ्या डोळ्यासाठी काच निवडली. ती उजेडात धरली. पुसली. पुन्हा धरली.

"हलू नकोस," ते म्हणाले.

"मी कुठे हलते? खुर्ची हलते तुमची. काल आतून ऐकलं मी, नळवाला खरं बोलत होता."

आजोबा वाकले, खुर्ची धरून बघितली. टक्, टक्. मागचा डावा पाय आखूड होता. वीस वर्षं आखूड होता.

"ठिपके," ते तसेच वाकलेले म्हणाले, "एखादा कागद बघ गं. पायाखाली घालायला."

ट्रेशेजारी पॅड पडलं होतं, कोऱ्या निळ्या कागदांचं. ठिपकीने त्याच्याकडे बघितलं. मग तिने पाठीवरचं दप्तर काढलं, पार तळाशी हात घातला आणि ती चिठ्ठी बाहेर काढली. आजोबांनी घातलेल्या घडीवर तिने आणखी एक घडी घातली, मग आणखी एक, नखाने दाबून चपटी केली. गुडघ्यांवर बसून ती खुर्चीखाली शिरली, आखूड पायाखाली चिठ्ठी सरकवली, आणि उठून दोन्ही हातांनी खुर्ची दाबून बघितली.