बिनधुराची लॉरी

व्यंकटरावांची लॉरी क्रूड तेलावर चालायची. लढाई संपल्यावर लिलावात त्यांनी ती घेतली आणि कळमनुरीहून कापूस-हळद वाहायला लावली. मालाचा लोभ मोठा. मागच्या उन्हाळ्यात त्यांनीच संतराम मिस्तरीला सांगून पंपाचा स्क्रू सैल करून घेतला होता. इंजिनात तेल जास्त जायला लागलं, तशी लॉरी दुप्पट माल ओढायला लागली. पण जळायचं राहिलेलं तेल मागनं काळं होऊन बाहेर पडायचं. शिवारातली माणसं नुसता धूर बघून सांगायची, मालकांची मोटार निघाली.

अठ्ठेचाळीस सालच्या वैशाखात तोच धूर आडवा आला.

दिवस वाईट होते. गावोगावी घरं जळत होती आणि माणसं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात जात होती. पलीकडं राज्य दुसरं, तिकडं जीव तरी वाचत होता. नदीच्या अलीकडं टेकडीवर निजामाच्या बंदूकवाल्यांची चौकी बसली होती. धूळ दिसली तर ते समजत, गुरं असतील, वावटळ असेल. धूर दिसला की घोडी काढत. रात्री जावं तर दिवे लावावे लागणार, आणि दिव्यांशिवाय त्या ओढ्यांच्या वाटेनं लॉरी जाणार कशी? व्यंकटरावांच्या सुनेचे, कालिंदीचे, दिवस भरत आले होते. तिला पायी नेता येत नव्हतं, बैलगाडीच्या हिसक्यांनी काही व्हायची भीती होती.

व्यंकटरावांनी मिस्तरीला बोलावलं. त्यांना दोन्ही हवं होतं. लॉरीनं धूर सोडू नये आणि हळदीची पोती, भांडीकुंडी, घरची माणसं, सगळं ओढावं.

संतराम खाली बसूनच ऐकत होता. उभं राहायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. पन्नाशी उलटली होती. जिनिंगच्या इंजिनावर उमेदीची वर्षं गेली, आणि गेला महिनाभर तो पळणाऱ्यांच्या बैलगाड्यांच्या चाकांच्या लोखंडी धावा नि आख नीट करत होता. माणसं निघून जात, हा मागं राहून पुढच्याची वाट बघे. तो एवढंच म्हणाला, "मालक, धूर कमी केला की जोरबी कमी व्हतो. माल अन् माणसं दोन्ही न्हाई जायची."

व्यंकटरावांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

संतरामनं काम धरलं. आधी हवेची जाळी धुतली, तिच्यात रुईचे बोळे बसले होते. मग तेल फवारणारे नोझल एकेक काढले. रॉकेलात बुडवून बांबूच्या काडीनं त्यांची काजळी खरवडली. एक नोझल फवारायच्या ऐवजी थेंब थेंब गळत होतं. त्याला घासून घासून त्याचे हात भरून आले. पंपाची तेल सोडायची वेळ जराशी मागं पडली होती, ती बरोबर केली. शेवटी स्क्रू आत घेतला, थोडा, आणखी थोडा. दर वेळी ड्रायव्हर पेमा इंजिन वाढवायचा आणि संतराम धुराड्याच्या तोंडाशी आपल्या पागोट्याचा शेव धरायचा. सुरुवातीला कापड काळंकुट्ट व्हायचं. मग करडं व्हायला लागलं. सरतेशेवटी नुसता पिवळसर डाग पडला, तेव्हा तो चाकाला टेकून बसला आणि तसाच डोळे मिटून राहिला.

व्यंकटरावांची बायको नर्मदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिनं विचारलं, तुझी बायको शकूबाई कुठं आहे? संतराम म्हणाला, घरी. लॉरीत जागा मागायचं त्याच्या मनातच आलं नव्हतं.  नर्मदाबाईनं गड्यांना हाक मारली आणि हळदीची निम्मी पोती खाली काढायला सांगितली. व्यंकटराव पुढं झाले, तशी ती शांतपणे म्हणाली, "लेकराला हळद लागायची तर लेकरू तर जगलं पायजे. मिस्तरीन येईल आपल्यासंगं."

उरलेली पोती मात्र व्यंकटरावांनी उतरवू दिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर ते निघाले. त्या वेळी चौकीवरची माणसं सावलीला जात, आणि वारा चौकीकडून वाहत असल्यामुळं आवाज तिकडं पोचत नव्हता. संतराम पुढं पेमाजवळ बसला. शकूबाई अगदी मागं, फळीला धरून, धुराड्याकडं बघत होती. धूर दिसला की तिनं फळीवर थाप मारायची, मग पेमानं पाय हलका करायचा. तीनदा थाप पडली. बाकी वाटभर लॉरी म्हाताऱ्या बैलासारखी संथ चालली, पण मागं आभाळ स्वच्छ राहिलं.

नदीच्या अलीकडं पळसाचं दाट रान होतं. पेमानं हळूच बोट दाखवलं. त्याच्या तांड्याची माणसं तिथं गाड्या सोडून लपली होती, बाया-पोरं सगळी. दिवस कलला की ती नदी उतरणार होती.

पात्रात पाणी घोट्याएवढंच होतं. लॉरी वाळू ओलांडून गेली. पलीकडच्या चढाला मात्र तिनं दम सोडला. अर्ध्यावर इंजिन गुडघे टेकल्यासारखं घुरघुरलं आणि बंद पडलं. पेमानं ब्रेक दाबला, गड्यांनी चाकांमागं दगड लावले.

व्यंकटराव खाली उतरले. घामानं त्यांचा सदरा अंगाला चिकटला होता. "मिस्तरी, स्क्रू सोड," ते म्हणाले. "आपुन नदी पार केली. आता धूर दिसला तर दिसू दे."

संतरामच्या हातात पेचकस होताच. दोन वेढे दिले असते तर लॉरी चढली असती, आणि तो वर जाऊन आडवा झाला असता. त्याला खरोखर दुसरं काही नको होतं. त्यानं मागं वळून बघितलं. पळसाचं रान निवांत उभं होतं. पेमा त्याच्याकडं बघत होता.

"धूर निघाला की घोडी हितंच येतील," संतराम म्हणाला. "आपुन सापडणार न्हाई मालक. ती मागची, पळसात लपलेली, सापडतील. मी स्क्रू सोडत न्हाई."

 व्यंकटरावांच्या मनात काय चाललं होतं, कोणास ठाऊक. लॉरी त्यांची, मिस्तरी त्यांचा. मग ते मागं गेले, स्वतः एक पोतं ओढून काढलं आणि पाठीवर घेतलं. दोन पावलांत त्यांचा तोल गेला, पोतं फुटून हळद उतारावर सांडली. त्यांनी तिकडं बघितलं नाही. म्हणाले, "सगळी टाका खाली."

कालिंदीला तेवढं आत बसवून ठेवलं. पेमानं इंजिन चालू करून पाय हलका ठेवला, बाकी सगळे उतरले. नर्मदाबाईनं लुगड्याचा काष्टा खोवून फळीला खांदा दिला. तिच्या शेजारी शकूबाई. लॉरी हातभर सरकायची, थांबायची, गडी दगड लावायचे. परत ढकलायचं.  इंजिनाच्या घुरघुरीतही श्वास ऐकू येत होते. लॉरी वर पोचली तेव्हा संतरामला आपले हात आपले वाटेनात.

तिथंच बाभळीखाली तो झोपला. शकूबाईनं त्याला उठवलं तेव्हा सूर्य बुडत होता आणि तांड्याच्या गाड्या पात्रातून येत होत्या. बैलांच्या गळ्यातल्या घंट्या काढून ठेवलेल्या. पेमा पाण्यात उतरून आपल्या आईला पाठीवर घेऊन येत होता. संतरामनं गाड्या बघितल्या आणि कूस बदलली.

कालिंदी पुसदला बाळंत झाली, मुलगी झाली. भादव्यात निजामाचं राज्य गेलं आणि माणसं आपापल्या गावी परतली. संतरामच्या घराची दारं कुणीतरी काढून नेली होती, हत्यारांची पेटीही गेली होती. व्यंकटराव स्वतः येऊन म्हणाले, लाकूड देतो, दारं करून घे. संतराम म्हणाला, घेईन, घाई न्हाई. शकूबाईनं उंबऱ्याच्या आत थोडी जागा झाडली, घोंगडं अंथरलं, आणि तो उघड्या दारात झोपी गेला.