दुहेरी पाकळ्यांची लिली

फुलांच्या धंद्यात एकतीस वर्षं काढली म्हणजे अक्कल आली असं काही नाही. दर महिन्याला धंद्याचं मासिक येतं, त्यातलं ‘नवीन वाण’ हे पान उघडलं की माझं डोकं फिरतं. निळ्या छटेचं कार्नेशन बाजारात सगळ्यात आधी मी आणलं आणि सगळ्यात आधी फेकूनही मीच दिलं. बायको त्या पानाला आपली सवत म्हणते.

या वेळची सवत म्हणजे लिली. पांढरीशुभ्र, पाकळ्यांवर पाकळ्या, आणि पराग अजिबात नाहीत. साध्या लिलीचे पिवळे पराग कपड्यांना लागले की डाग जन्मात निघत नाही. किती नवऱ्या मुलींची बोलणी खाल्लीत मी. आणि आता महिन्यावर माझ्याच मुलीचं लग्न आलेलं.

तिला थाटमाट नको होता. नोंदणीच्या हॉलमध्ये सह्या, मग जेवण, संपलं. “बाबा, फुलं कुठलीही आणा,” ती म्हणाली, “पण साक्षीदार म्हणून पहिली सही तुमची हवी.” मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं? माझ्या डोक्यात लिली होती. फुलवाल्याच्या मुलीच्या लग्नात साधे गुलाब? धंद्यातली चार माणसं येणार होती, त्यांची तोंडं बघायची होती मला.

लिली कळीतच येते. कोमट पाण्यात ठेवली की तिसऱ्या दिवशी उमलते, हे मी झोपेतही सांगेन. म्हणून बरोबर तीन दिवस आधी दोनशे देठ मागवले. पाकळ्या जास्त तर उमलायला दिवसही जास्त, हे मासिकात त्याच पानावर खाली छापलेलं होतं. मी वरचा फोटो बघत बसलो होतो.

लग्नाच्या सकाळी हॉलमध्ये दोनशे देठ उभे आणि सगळ्यांवर मिटलेल्या कळ्या, नुसत्या हिरव्या काकड्या. बायकोनं एकदा फुलांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

“अहो, भाजी आणायला सांगितली होती का कुणी?”

मेहुणा तर मदतीलाच धावला. “भाऊजी, नवीन फॅशन आहे म्हणून सांगू का लोकांना?”

मला असा राग आला की काय सांगू. स्वतःचा आला असता तर बरं झालं असतं.

शहाणा माणूस तिथेच गप्प बसला असता. मी नवरीच्या खोलीतला हेअर ड्रायर उचलला, बादल्या मागच्या खोलीत नेल्या आणि एकेका कळीवर गरम हवा मारत बसलो. निदान तिच्या हातातला गुच्छ तरी व्हावा. एक कळी बोटांनी उघडायला गेलो, ती चिरली. दुसरी काळवंडली. मुलगी दारात आली.

“बाबा, सोडा ते. मला कळ्या चालतील. चला ना.”

“पाचच मिनिटं,” मी कळीवरची नजर न काढता म्हणालो. ती कशी दिसत होती तेही नीट बघितलं नाही.

मेहुणा दोनदा बोलवायला आला, दोन्ही वेळा मी “आलोच” म्हणालो. नोंदणीच्या साहेबांपुढे त्या दिवशी आणखी सहा लग्नं होती. ते कुणाच्या बापासाठी थांबतात? तीन फुलं कशीबशी उघडून मी धावत पोचलो तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. मुलीनं फुलं घेतली आणि हसली.

उरलेल्या कळ्या दुकानात आणल्या. लग्नानंतर चौथ्या दिवशी सगळ्या उमलल्या. खोटं कशाला बोलू, इतकं देखणं फूल मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्याच दुपारी मुलगी आणि जावई दुकानात आले. “छान आलीत हो,” म्हणत तिनं पिशवीतून लग्नाचा दाखला काढून माझ्यापुढे धरला. साक्षीदाराच्या पहिल्या ओळीत मेहुण्याची सही होती, चांगली लांब शेपटी काढलेली. शेजारी थोडी जागा मोकळी दिसली. मी खिशातून पेन काढलं.

“आता नाही चालत, बाबा,” ती म्हणाली.

चिडून नाही म्हणाली. चिडली असती तर मीही चिडलो असतो, ते मला जमतं. मला रडू आलं, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना.