अकरा समया, एक शाल

शाल अंगावर पडली तेव्हा भवानीबाईंच्या दोन्ही हातांत भिजवलेल्या चिंचेचं पातेलं होतं. ते खाली ठेवायचीही उसंत कुणी दिली नाही. मठाचे सेक्रेटरी शंकरनारायण राव पुढे झाले, त्यांनी शाल पांघरली, कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, फोटो निघाले. त्या सगळ्या फोटोंत चौऱ्याहत्तर वर्षांच्या भवानीबाई जरीची शाल खांद्यावर आणि पातेलं पोटाशी धरून, चोरी करताना सापडल्यासारख्या उभ्या आहेत.

पितृपंधरवड्यातला शेवटचा रविवार होता. कुंभकोणममधल्या वीस-बावीस मराठी घरांनी मिळून चालवलेला हा विठोबाचा छोटा मठ. नवरात्र बसायच्या आधीच्या या रविवारी मठातली सगळी पितळ अंगणात काढून घासायची, हा नेम. भवानीबाई लग्न होऊन या गावात आल्या त्या वर्षी सासूबाईंच्या शेजारी घासायला बसल्या, त्याला बावन्न वर्षं झाली. मध्ये दोनच रविवार चुकले. एकदा गिरिधरच्या जन्माच्या वेळी, एकदा नवरा गेला त्या साली.

भवानीबाई मुलींच्या शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवत. चिंचेतलं आम्ल काळपटपणा विरघळवतं, विटेची पूड उरलेला खरवडून काढते, शेवटी कोरडी विभूती लावली की चकाकी येते, हे त्यांनी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. पण या रविवारचा आनंद फळ्यावर मावणारा नव्हता. चिंच लावून नारळाच्या शेंडीनं दोनदा गोल फिरवलं की काळ्यातून एकदम गुलाबीसर पिवळं डोकं वर काढतं. पन्नास वेळा पाहून झालं, तरी दर वेळी भवानीबाईंच्या तोंडून "आला!" निघून जाई. विटेची पूड चाळताना सासूबाई म्हणत, "त्याच्या पायाखालची घेऊ नका गं, उभा कोठे राहील तो?" दरवर्षी तेच म्हणत आणि दरवर्षी बायका हसत. दुपारी सगळ्यांचे हात चिंचेनं आणि विटेनं माखलेले, म्हणून जी सगळ्यांत वडील ती हात धुऊन उठे आणि दहीभाताचा एकेक घास रांगेनं प्रत्येकाच्या तोंडात घालत जाई. पोरं, सुना, पेन्शनीत निघालेले काका, सगळे आ करून बसत. सासूबाई गेल्यापासून घास घालायचा मान भवानीबाईंचा होता.

आज अंगणात पाट नव्हते. प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. फाटकावर फ्लेक्स होता, त्यावर भवानीबाईंचा जुना पासपोर्टचा फोटो, शेजारच्या विठोबापेक्षा मोठा. खाली तमिळमध्ये छापलं होतं, 'अर्धशतकाच्या सेवेनंतर सन्मानपूर्वक विश्रांती.'

"विश्रांती कसली?" त्यांनी विचारलं.

"वैनी, सरप्राइज!" शंकरनारायण म्हणाले. त्यांनी गाभाऱ्यापुढचा पडदा ओढला.

दहा समया आणि मधली मोठी अकरावी, दारातून येणाऱ्या उन्हात नुसत्या पेटल्यासारख्या दिसत होत्या. मागची प्रभावळही. एक डाग नाही, एक सावली नाही.

"कंपनीकडून लेप देऊन घेतला," शंकरनारायण सांगत होते, अर्धं भवानीबाईंना आणि अर्धं खुर्च्यांना. "पारदर्शक. दहा वर्षं घासायचं नाव नको. आमच्या वैनींच्या गुडघ्यांना मठाची ही भेट!"

टाळ्या. भवानीबाईंनी पातेलं खाली ठेवलं आणि जवळच्या समईवर बोट फिरवलं. बोट घसरलं. पितळेवर बोट असं घसरत नाही, किंचित अडतं. त्यांनी नाक जवळ नेलं. नखांच्या रंगाचा वास.

"हा लेप काढा," त्या म्हणाल्या.

सगळे हसले. आजी लाजली, असं त्यांना वाटलं.

"हसता काय? हे वार्निश आहे. ज्योतीपाशी टिकायचं नाही. तेल तापलं की फुगेल आणि जळेल."

"अम्मा, कंपनी पंचतारांकित हॉटेलांची पितळ करते," मागून कुणीतरी म्हणालं.

"हॉटेलात समया लावतात का?"

 तेवढ्यात फराळाच्या बश्या आल्या. भवानीबाईंना पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसवलं. मांडीवर शाल, हातात केसरी शिऱ्याची बशी. शेजारी सून लावण्या कौतुकानं बघत होती, आणि गिरिधर, त्यांचा एकुलता मुलगा, कॉलेजात वाणिज्य शिकवणारा, आईची नजर चुकवत होता. ती चुकवण्याची तऱ्हा त्यांनी तो चार वर्षांचा असल्यापासून पाहिलेली. निघताना त्यांनी एका समईची वरची वाटी फिरवून काढली आणि पिशवीत टाकली.

घरी येऊन त्यांनी ती वाटी ओट्यावर ठेवली, तिळाचं तेल घातलं, एक वात लावली आणि कॅलेंडरच्या मागच्या बाजूला वेळ लिहिली. मग गिरिधरला हाक मारली.

"तुला ठाऊक होतं?"

"आई, कल्पना माझीच होती." तो एकदम म्हणाला. "आषाढातल्या मिटिंगमध्ये मीच मांडली. तुझा गुडघा..."

"म्हणजे माझा गुडघा मिटिंगला गेला आणि मी नाही."

"तू नाहीच म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस?"

"तुझ्या भल्याकरताच..."

"गिरी, माझं भलं मज कळत नाही, एवढी म्हातारी मी कधी झाले, ती तारीख तरी सांगून ठेवायची होती."

 चाळीस मिनिटांनी वातीच्या चोचीपाशी लेप पिवळा पडला. सत्तर मिनिटांनी फोड आले. नव्वदाव्या मिनिटाला तो तपकिरी होऊन सोलू लागला आणि स्वयंपाकघरात असा उग्र दर्प सुटला की लावण्यानं धावत येऊन खिडकी उघडली. भवानीबाईंनी तिन्ही वेळा लिहून ठेवल्या आणि वात मालवली. मुलाकडे पाहिलंही नाही. त्यांना राग आला की आवाज चढत नसे, अक्षर सुवाच्य होई.

सोमवारी सकाळी त्या वाटी आणि कॅलेंडर घेऊन शंकरनारायणांच्या दारात उभ्या राहिल्या. शंकरनारायण वीज मंडळातून निवृत्त झालेले, वयानं दहा वर्षांनी लहान. लहानपणी याच अंगणात भवानीबाईंच्या सासूबाईंच्या हातचा घास खाल्लेले. त्यांनी वाटी उलटसुलट करून पाहिली, कॅलेंडरवरच्या वेळा वाचल्या, मान डोलावली.

"खरं आहे, वैनी. तुमचं बरोबर आहे."

भवानीबाईंना क्षणभर हायसं वाटलं.

"पण यावर उपाय आहे," असं म्हणत ते आत गेले आणि एक खोकं घेऊन आले. त्यातून त्यांनी प्लास्टिकची एक ज्योत काढली, बुडाचं बटण दाबलं. ज्योत पिवळी पेटली आणि लटलट हलू लागली. "सेलवर चालते. अकरा समयांना पुरतील एवढ्या मागवल्यात. तेल नाही, काजळी नाही, लेपाला धक्का नाही."

"मधल्या समईतसुद्धा?"

"तीच तर सगळ्यांत झकास झाली आहे. ती काय म्हणून काळी करायची?"

नवरात्राच्या नऊही संध्याकाळी मधली समई सभामंडपाच्या मधोमध आणतात. पाच वाती लावतात आणि भजन म्हणत तिच्याभोवती फेर धरतात. त्या वेळी ती समईच देव. समोरच्या विठोबाकडे पाठ झाली तरी चालते. ती समई सासूबाईंनी दिलेली. फेर धरताना ज्योतीची धग पोटऱ्यांना लागते, वाऱ्यानं वात कलली की सगळ्या बायकांचा जीव एकाच वेळी वर येतो. भवानीबाईंनी त्या हलत्या प्लास्टिककडे पाहिलं.

"शंकरा, दिव्याची चकाकी राखायला दिवा लावायचा नाही, असं म्हणतोस?"

"दिवा तर लागणारच की. हा काय!"

"हे बटण आहे."

"वैनी, काळ बदलतो. आणि आता हे ठरलेलं आहे. तुम्ही आता फक्त पुढे बसायचं, आशीर्वाद द्यायचे."

त्या उठल्या.  घरी जाताना वाटेत अलमेलु भेटली, गेली तीस वर्षं घासायच्या रविवारी त्यांच्या उजवीकडे बसणारी. भवानीबाईंनी सगळं सांगितलं. अलमेलु म्हणाली, "खरं सांगू अक्का? मला बरंच वाटलं हो. कंबर मोडते माझी त्या दिवशी. दोन दिवस तेल चोळावं लागतं." भवानीबाई चालू लागल्या. राग आता एकटीचा झाला होता, आणि तसा तो जास्तच जड वाटत होता.

पण सत्काराच्या गडबडीत एक गोष्ट सगळ्यांच्या ध्यानातून गेली होती. मठाच्या स्वयंपाकघराची किल्ली भवानीबाईंच्या कनवटीलाच राहिली होती.

अमावास्येच्या आदल्या दिवशी, सकाळी सात वाजता, त्यांनी मठ उघडला. अंगणात तीन विटांची चूल मांडली. स्वयंपाकघरात तीन मोठी पातेली होती. ॲल्युमिनियमची दोन त्यांनी बाजूला सारली, सोडा त्यांना खातो. स्टीलचं भरून चुलीवर चढवलं आणि वाण्याकडून आणलेला धुण्याचा सोडा मोजून टाकला. शाल अंगणात अंथरली आणि तिच्यावर बसून त्या समया सोडवू लागल्या. कळस, वाटी, दांडा, बैठक. पाणी उकळायला लागलं तसे भाग एकेक आत सोडले. पंचवीस मिनिटांनी चिमट्यानं एक बैठक बाहेर काढली. कांद्याचा पापुद्रा निघावा तसा लेप सुटून लोंबत होता. त्यांनी तो नखानं ओढला, आणि खालची पितळ बोटाला किंचित अडली.

"आला!" त्या म्हणाल्या. ऐकायला कुणी नव्हतं.

पण होतं. अलमेलु फाटकात उभी होती, हातात नारळाच्या शेंड्यांची टोपली.

"तुझी कंबर मोडते ना?"

"मोडते म्हटलं. येणार नाही कोठे म्हटलं?" ती कण्हत खाली बसली. "आणि अक्का, शालीवर काय बसलीस?"

"पॉलिस्टर आहे. पाणी टिपत नाही, पुसायच्या कामाची नाही. बसायला बरी."

साडेनऊला शंकरनारायण धापा टाकत आले, मागोमाग गिरिधर. कुणीतरी धूर पाहून फोन केला होता.

"वैनी! हे काय चालवलंय? ही ट्रस्टची मालमत्ता आहे!"

"मग पोलिसांना बोलव." भवानीबाईंनी चिमट्यानं दुसरी वाटी बाहेर काढली. "फाटकावर माझा फोटो आहेच. शोधायला त्रास पडायचा नाही त्यांना."

अलमेलुला इतकं हसू आलं की तिच्या हातातली शेंडी पडली. गिरिधरही हसला असता, पण आईनं त्याच्याकडे पाहिलं.

"बावन्न वर्षं," भवानीबाई म्हणाल्या. आवाज अगदी खाली होता. "बावन्न वर्षं मी या मठात काय करते, ते तुम्ही त्या फाटकावर छापलंत, आणि तेच माझ्या हातून काढून घेतलंत. वर टाळ्या वाजवल्यात. मज कष्ट पडतात, हे तुम्हाला दिसलं. मज त्यात काय मिळतं, ते कुणाला दिसलं नाही. गुडघा माझा. दुखतो. तो दुखवून काय करायचं, ते मी ठरवीन. आणि गिरी, तू..." त्या थांबल्या. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं, ते जास्त कडू होतं.

 गिरिधरनं घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाह्या वर केल्या आणि अलमेलुच्या पलीकडे मांडी घातली.

"चिंच कुठे आहे?"

"रविवारचीच. फ्रीजमध्ये ठेवली होती." त्यांनी पातेलं त्याच्याकडे सरकवलं. 

शंकरनारायण मोबाइल हातात धरून अंगणात तीन फेऱ्या घालून आले. अध्यक्षांना फोन लावायला गेले, अध्यक्षांनी उचलला नाही. चौथ्या फेरीला मधल्या समईचा दांडा पाण्याबाहेर काढायची वेळ आली. तो भवानीबाईंना एकटीला पेलवेना, तिरका होऊन चुलीकडे झुकला. शंकरनारायणांनी मोबाइल खुर्चीवर टाकला आणि फडकं घेऊन दुसरं टोक धरलं. एकदा धरल्यावर सोडायला जागा नव्हती. तसेच ते खाली बसले आणि पापुद्रा ओढू लागले.

"प्रभावळही काढायची?" काही वेळानं त्यांनी खालच्या मानेनं विचारलं.

"ती ज्योतीपासून चार हात लांब आहे. तिला काही होत नाही. राहू दे."

साडेबाराला लावण्या दहीभाताचं पातेलं ठेवून गेली. अकरापैकी नऊ समया झाल्या होत्या. भवानीबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. गुडघा दुखला, सगळ्यांना दिसेल असा दुखला, आणि कुणीही त्याबद्दल बोलायचं धाडस केलं नाही. त्यांनी हात धुतले, घास कालवले. पहिला अलमेलुला. दुसरा गिरिधरला. त्यानं आ केला, डोळे खाली होते.

तिसरा घास घेऊन त्या शंकरनारायणांपुढे उभ्या राहिल्या. त्यांचे हात कोपरापर्यंत विटकरी झाले होते. त्यांनी तोंड उघडलं. घास पुढे आला नाही.

"ते प्लास्टिकचं खोकं?"

"परत करतो."

"फ्लेक्स?"

"उतरवतो, वैनी."

"आज."

"आज."

"आणि पुढच्या आषाढातल्या मिटिंगला मी येणार. गुडघ्यासकट."

शंकरनारायणांनी मान हलवली. तोंड अजून उघडंच होतं, साठी उलटलेल्या माणसाचं, सहा वर्षांच्या पोरासारखं. भवानीबाईंनी घास त्यात घातला. राग गेला नव्हता, तो नवरात्रभर पुरणार होता. घासात लिंबाचं लोणचं होतं. बाकीच्यांच्या घासातली बी त्यांनी आठवणीनं काढली होती.

शंकरनारायणांना ती दाताखाली आली. त्यांनी मुकाट्यानं चावली आणि दांडा पुन्हा मांडीवर घेतला.