सुतकातल्या घंटा

बेलायोंग वारला त्याला आठवडाही झाला नव्हता. नदीकाठच्या त्या लांबघरात सगळी बिऱ्हाडं एकाच छपराखाली, म्हणून सुतकही सगळ्यांचं. महिनाभर नाचाच्या पितळी घंटा वाजवायच्या नाहीत, मोठ्यानं हसायचं नाही. त्याची बायको मिंदू ओसरीच्या टोकाला बसून असायची.

तिथेच तिला गाठून घराचा मुखिया एन्तालाय म्हणाला, "वहिनी, उद्या पाहुणे येताहेत. जंगल बघतील, धबधबा बघतील, संध्याकाळी आपला नाच."

"येऊ देत की. नाच व्हायचा नाही."

"नाच नसेल तर पाहुणे धाडणारा कुचिंग शहरातला माणूस बोटी वरच्या गावाला वळवतोय. मग इथं कुत्रं फिरकणार नाही. आजच कोंबडा कापून सुतक फेडतो."

"मेलेल्याला काय सांगशील?"

"मेलेल्याला काय कळतंय!"

"हे तो जिवंत असताना बोलायचं होतंस. दात घशात घातले असते."

एन्तालाय उठून गेला. मिंदूला घोर नव्हता. अख्ख्या घरात घंटा वाजवणारा एकच उरला होता, तिचा मुलगा सावंग. बापानं मांडीवर बसवून शिकवलं होतं त्याला. तो कशाला हात लावतोय!

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. धबधब्यात डुंबले, तांदळाची दारू प्याले, भिंतीवरच्या ढालींचे फोटो काढले. उन्हं कलली आणि ओसरीवर घंटा सुरू झाल्या. मिंदू खोलीत होती. ठेका ओळखीचा होता. हुबेहूब बेलायोंगचा हात.

ती बाहेर आली. सावंग मान खाली घालून वाजवत होता. एक गोरी बाई मिंदूचा हात धरून काहीतरी गोड बोलली.

"काय म्हणते?" मिंदूनं पाहुण्यांबरोबरच्या वाटाड्याला विचारलं.

"तुम्ही का नाचत नाही, विचारतेय."

"सांग तिला, माझा नवरा मेलाय."

वाटाड्यानं सावंगकडे पाहिलं आणि बाईला हसून काहीतरी सांगितलं. बाईनं मिंदूच्या गुडघ्यांकडे बघत च्च च्च केलं. सावंगला सगळं ऐकू गेलं होतं. त्याचा हात थांबला नाही.

पाहुणे पांगल्यावर तो जेवायला आला. तिनं पुढ्यात भात ठेवला.

"आई, बोटी वरच्या गावाला गेल्या असत्या तर सगळ्यांनी मलाच बोल लावला असता."

"हो रे बाबा."

"बोल ना काहीतरी."

"मी मेले की," मिंदू म्हणाली, "घंटांना हात लावण्याआधी दुपारपर्यंत तरी कळ काढ."

सावंग भात चिवडत बसला. ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.